वाघबारशीनंतरचा शुक्रवार

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे केंद्रप्रमुख सन्माननीय नविन सर, प्रमुख पाहुण्या सरपंच निलमताई, पोलीस पाटील दिपकभाऊ, व्यासपीठावर बसलेले आणि उकाड्यानं हैराण झालेले सर्व मान्यवर, शेजारच्या पाड्यांवरून आलेले शिक्षक बंधू-भगिनी, बोंडारपाड्याचे सर्व ग्रामस्थ, आया-बाया, सुट्टी असूनही केवळ जिलेबीच्या आशेनं गुपचूप बसलेली माझी पोरं, आणि पहिल्या रांगेत डाव्या हाताला चटईवर बसलेल्या बुधीबाई. बुधीबाईंना खुर्ची दिली तरी त्या खुर्चीत बसणार नाहीत हे मला ठाऊक आहे, म्हणून मी आग्रह केला नाही. तुम्हा सगळ्यांना जोहार.

नविन सरांनी माझी ओळख करून दिली. इतकी चांगली करून दिली, की ही तामोरे बाई कोण, तिला एकदा भेटलं पाहिजे असं मलाच वाटायला लागलं. निरोपाच्या दिवशी माणसाचं सगळं चांगलंच आठवतं. नाहीतर याच सरांनी मागच्या वर्षी टाचणवहीवरून मला अर्धा तास उभं केलं होतं. असू दे, सर. हसा की जरा.

सरांच्या भाषणात मला एकच दुरुस्ती करायची आहे. ते म्हणाले, बाईंचा उद्या एक जूनला वाढदिवस, म्हणून आज एकतीस मेला त्या निवृत्त होताहेत. कागदाप्रमाणे अगदी बरोबर. पण मी धाकट्या डहाणूची, मांगेल्यांची मुलगी. माझी आई सांगायची, तू नारळी पुनवेच्या तीन दिवस आधी झालीस, होड्या रंगवायचं काम चाललं होतं आणि तुझा बाप हाताला रंग तसाच घेऊन तुला बघायला आला. आता मला सांगा, नारळी पौर्णिमा जूनमध्ये कधी येते का? पण मला शाळेत घालणाऱ्या गुरुजींनी लिहिलं एक जून, आणि मी एक जूनची झाले. आज या जिल्ह्यात किती शिक्षक निवृत्त होत असतील ते मोजा. सगळे एक जूनचे! त्या काळी महाराष्ट्रातल्या आयांना बाकीचे दिवस बाळंत व्हायला सवडच नव्हती असं दिसतंय.

हसलात ना? मीपण आयुष्यभर हसत आले. आज मात्र त्याच एक जूनबद्दल मला तुमच्यासमोर काही कबूल करायचं आहे. नमनाला घडाभर तेल मी घालत नाही. मुद्द्यावर येते.

तुमच्या मागे, झेंड्याच्या कट्ट्याजवळ, पांढऱ्या कापडानं झाकलेला एक दगड उभा आहे. समारंभानंतर त्याचं अनावरण आहे. आपल्या या शाळेचा विद्यार्थी, भारतीय सेनेचा जवान विनोद काकड्या वरठा, याच्या नावाचा तो दगड. विनोद मागच्या नोव्हेंबरात दक्षिण सुदानमध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत काम करताना हल्ल्यात मारला गेला. हे इथं लहान पोरालाही माहीत आहे. पण त्या दगडावर विनोदची जी जन्मतारीख कोरली आहे, ती शाळेच्या रजिस्टरात नाही, त्याच्या फौजेच्या कागदात नाही, कुठंच नाही. उद्या कुणीतरी म्हणेल, कारागीर चुकला. कारागीर चुकला नाही हो. चूक माझी आहे, ती सतरा वर्षं जुनी आहे आणि ती मी आज सांगणार आहे. नविन सर, पाणी प्या. तुमचं नाव त्यात कुठं येत नाही.

दोन हजार आठ सालचा जून. मला इथं येऊन दोन वर्षं झाली होती. पहाटे धाकट्या डहाणूहून निघायचं, डहाणू स्टेशनाबाहेर एसटी धरायची, उधव्याच्या फाट्यावर उतरायचं आणि तिथून टमटम मिळाली तर टमटम, नाहीतर आपले दोन पाय. पिशवीत डब्याबरोबर सुका जवळा असायचा, इथल्या बायांनी मागवलेला. पोरं म्हणायची, बाई दिसायच्या आधी बाईंचा वास येतो.

त्या जूनमध्ये रोज एक पोरगी शाळेच्या दाराशी येऊन उभी राहायची. आठ-नऊ वर्षांची असेल. कमरेवर भाऊ. आत यायची नाही, पण आम्ही पाढे म्हणायला लागलो की तिचे ओठ हलायचे. मी म्हटलं, आत ये. ती म्हणाली, "कशी येऊ? हा हाय ना." आईबाप, म्हणजे बुधीबाई आणि काकड्यादादा, घोलवडला चिकूच्या वाडीत कामाला जायचे, आणि दिवसभर भावाला सांभाळायचं काम या पोरीचं. ती ही आपली रविना. ऊठ गं रविना, लोकांना दिसू दे. बस आता, लाजू नको.

मी म्हटलं, भावालापण आण. पण नुसतं बसवून चालत नाही. तपासणीला कुणी आलं तर विचारणार, हे पोर कुणाचं? आणि खिचडी मिळते ती पटावरच्या पोरांना. म्हणजे बहीण जेवणार आणि भाऊ तिच्या ताटाकडे बघत बसणार. ते मला बघवलं नसतं. म्हणून मी दोघांनाही एकाच दिवशी पहिलीत घातलं. विचारलं, नाव काय याचं? रविना म्हणाली, सुक्या.

आता तुम्हा पाड्यावरच्या लोकांना हे सांगायला नको, पण पाहुण्यांसाठी सांगते. इथं जुन्या रीतीनं मूल ज्या वारी जन्मलं त्या वाराचं नाव ठेवतात. शुक्रवारी झाला तो सुक्या, बुधवारी झाली ती बुधी. जन्मतारखेचा निम्मा भाग आईबापांनी नावातच लिहून दिलेला असतो. आणि आम्हा शाळेतल्या शहाण्यांना त्या वेळी पोरांची नावं बदलायची भारी हौस. त्या दिवशी माझी छत्री वाऱ्यानं उलटी झाली होती आणि हे बारकं पोर ते बघून पोट धरधरून हसलं होतं. मी लिहिलं, विनोद.

जन्मतारीख? दाखला नव्हता. घरी कुणी मोठं नव्हतं. मी संध्याकाळी विचारायला जाऊ शकले असते. वरठ्यांचं घर इथून हाकेच्या अंतरावर आहे. मी गेले नाही. पहिलीत घातलेल्या सगळ्या पोरांना मी जी तारीख दिली तीच त्यालाही दिली. एक जून दोन हजार दोन. एका बैठकीत अकरा पोरं मी एकाच दिवशी जन्माला घातली आणि चार वाजता एसटीनं घरी गेले.

खरं सांगते, त्याचं वजन उचलूनच मला कळायला हवं होतं, की हे पोर सहा वर्षांचं नाही. पाचचंही नाही. पहिलीचा अर्धा अभ्यास त्यानं माझ्या टेबलाखाली झोपून केला. मला तो "तू" म्हणायचा. इकडं सगळ्यांनाच तू म्हणतात. बुधीबाई तर देवालाही तू आणि कलेक्टरलाही तू. पण हा माझ्या पदराला धरून म्हणायचा, "बाई, तू घरी जाऊ नको, खिचडी संपली नाय." आणि उंचीनं सगळ्यांत बारका, म्हणून परिपाठाच्या रांगेत कायम पहिला. सावधान म्हटलं की सगळ्यांच्या आधी त्याची टाच वाजायची. मला त्याचं कौतुक वाटायचं. देवा रे.

पुढं तो आश्रमशाळेत गेला, बारावीपर्यंत शिकला. उंच झाला. दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत सैन्यभरतीचा मेळावा होता. वय किमान साडेसतरा पाहिजे. कागदावर तो पावणेअठराचा होता. प्रत्यक्षात साडेसोळाही नव्हते झाले त्याला. मिसरूड फुटलं नव्हतं. पण धावला, छाती फुगवली, निवडला गेला. इथं शाळेत पेढे घेऊन आला आणि मला म्हणाला, "बाई, आता तुम्हाला तुम्ही म्हणतो, फौजेत तसंच शिकवणार आहेत." अख्ख्या पाड्यात आम्ही मिरवणूक काढली. मी पुढं नाचले. दिपकभाऊंच्या मोबाइलमध्ये अजून व्हिडिओ आहे, कृपा करून कुणी बघू नये.

आणि तिथून आमची एक गंमत सुरू झाली. दर वर्षी एक जूनला त्याचा फोन यायचा. "बाई, वाढदिवसाच्या शुभेच्छा. तुम्हाला पण आणि मला पण." मग आम्ही दोघं हसायचो. तो सांगायचा, पलटणीत बिहारकडचे सगळे एक जानेवारीचे आहेत आणि महाराष्ट्राचे एक जूनचे, आमच्या बराकीत वर्षातून दोनदाच केक येतो.

मागच्या वर्षीचा एक जूनचा फोन दक्षिण सुदानहून आला. चित्रासकट. डोक्यावर निळी टोपी, मागं पत्र्याची खोपटी, लाल माती. म्हणाला, "बाई, माती बघा, आपल्या उधव्यासारखीच." गावं सोडून पळून आलेली माणसं तिथं एका छावणीत राहत होती आणि यांचं काम त्या छावणीची राखण करायचं. त्यानं एक गोष्ट सांगितली. छावणीच्या दारात एक बाई टेबल घेऊन बसते, आत येणाऱ्यांची नोंद करते. पोरांच्या जन्मतारखा कुणालाच माहीत नसतात. ती सगळ्यांना एक जानेवारी लिहिते. "बाई, हुबेहूब तुमच्यासारखी! चष्मा पण नाकावर तसाच. मी तिला सांगितलं, आमच्या गावी तुझी बहीण आहे." आम्ही पोटभर हसलो. मग तो म्हणाला, "पण बाई, माझी खरी तारीख कोणती असंल हो?"

मी म्हटलं, तू सुट्टीला ये, आपण दोघं तुझ्या आईसमोर बसू आणि शोधून काढू. म्हणाला, "दिवाळीला नाय जमणार, त्याच्या नंतर येतो."

दिवाळी झाली. शाळा उघडली. नोव्हेंबरचा मध्य होता, भाताची झोडणी चालली होती. दुपारी खिचडी वाढायची वेळ आणि समोरून बुधीबाई येताना दिसल्या. केसांत भाताचं तूस, पदर खोचलेला, चालणं घाईचं. आणि चेहऱ्यावर, काय सांगू तुम्हाला, चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू. पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "बाई, पाणी दे. लय मोठं संकट टळलं आज."

मी म्हटलं, काय झालं?

त्या म्हणाल्या, "पाटलाच्या मोबाइलवर फौजेचा फोन आला. हिंदीत बोलला साहेब. विनोद वरठा गेला म्हणं लढाईत. मग साहेब म्हणला, नाव बरोबर हाय का, एक जूनला जन्मलेला, बावीस वरसांचा? मी म्हटलं, मंग तो माझा नाय! माझा सुक्या भात पिकल्यावर झाला, वाघबारशीनंतरच्या शुक्रवारी. हापशी बसली त्या साली. जूनात तर तो पोटात होता माझ्या. साहेब काय काय बोलत राहिला, मी फोन पाटलाच्या हातात दिला न् इकडं आली. दुसरा कोणी विनोद वरठा हाय, बाई. चूक झाली त्यांची."

आणि मग माझ्या हातावर हात ठेवून विचारलं, "पण बाई, ती आई कोण असंल गं? तिला कोण सांगल?"

मंडळी, माझी नोकरी तेहतीस वर्षांची झाली. पूर आले, साथी आल्या, तपासणीची पथकं आली. पण माझ्या तोंडचं पाणी पळालं ते त्या एका प्रश्नानं. कुंपणाबाहेर दिपकभाऊ उभे होते. आत यायची त्यांची हिंमत होत नव्हती. मला नंतर म्हणाले, बाई, मला शंका आली होती, पण तिचा चेहरा बघून जीभ उचलली नाही. मला शंका नव्हती. मला माहीत होतं. एक जून जगात आणखी कुणी कुणी लिहिला असेल, पण वरठ्यांच्या विनोदपुढं तो मीच लिहिला होता.

मी काय केलं? मी आधी ताट वाढलं. खिचडी, वरून तेल, त्यांना आवडते तशी लसणाची चटणी. म्हटलं, बुधीबाई, उन्हातून आलात, जेवून घ्या. त्या जेवल्या. भूक लागली होती त्यांना, सकाळपासून झोडणी केलेली. जेवता जेवता त्या दुसऱ्या आईबद्दल बोलत होत्या, तिच्यासाठी गावदेवाला नारळ ठेवू म्हणत होत्या. आणि मी समोर बसून बघत होते, कारण मला ठाऊक होतं की यानंतर किती दिवस हा घास त्यांच्या गळ्याखाली उतरणार नाही. काही लोक मला नंतर म्हणाले, तुम्ही तेवढा वेळ का थांबलात? त्या दिवशी मी केलेली तीच एक धड गोष्ट होती असं मला आजही वाटतं.

ताट संपलं. मग मी सांगितलं. "बुधीबाई, एक जून मी लिहिला."

त्यांना कळेना. मी कपाट उघडलं, ते जुनं रजिस्टर काढलं, पान काढून बोट ठेवलं. त्यांना वाचता येत नाही, पण रांगेनं एकाखाली एक तेच आकडे आहेत हे दिसतं की. म्हटलं, हा बघा रविनाचा भाऊ. ही तारीख खरी नाही. ती माझ्या मनाची आहे. फौजेनं हाच कागद बघून त्याला घेतला. साहेब हाच कागद वाचून बोलत होता.

बुधीबाई पानाकडे बघत राहिल्या. मग एवढंच विचारलं, "का लिवलं?"

मी म्हटलं, रविनाला शाळेत बसता यावं म्हणून.

त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "मंग ती आई मीच." ताट उचललं. हापशीवर नेऊन घासलं, आणून जागेवर पालथं घातलं. आणि गेल्या. माझ्या देखत एक टिपूस काढलं नाही.

त्या दिवशी छावणीत काय झालं ते नंतर त्याच्या तुकडीतल्या एका जवानानं येऊन सांगितलं. हल्ला झाला तेव्हा विनोद फाटकावर होता. फाटक लगेच लावायचा हुकूम होता, पण बाहेर पाणी भरायला गेलेल्या बायका पोरांना घेऊन पळत येत होत्या. शेवटची बाई आत येईपर्यंत त्यानं फाटक धरून ठेवलं. तिच्या कमरेवर पोर होतं. एवढंच मला सांगता येतं. लढाईतलं मला काही कळत नाही. कमरेवरचं पोर म्हणजे काय ते मात्र मला कळतं, आणि त्यालाही कळत होतं. चार वर्षं तो स्वतः रविनाच्या कमरेवरच वाढला होता.

लोक म्हणतात, बाई, मनाला लावून घेऊ नका, पोरानं पाड्याचं नाव साता समुद्रापार नेलं. नेलंच! अभिमान मला नाही तर कुणाला? पण अभिमान असला म्हणजे हिशोब डोक्यातून जातो असं नाही. खरी तारीख लिहिली असती तर त्या भरतीत, लहान आहेस, परत जा, असं सांगून त्याला घरी पाठवलं असतं. पुढं दोन वर्षं करोनामुळं मेळावेच बंद होते. तोवर तो कुठं असता? चिकूच्या वाडीत जाळीची बेडणी घेऊन फळं उतरवत असता, किंवा तलासरीला कुठल्या दुकानात, किंवा कुणी सांगावं, उशिरानं का होईना फौजेतच. मला माहीत नाही. त्याला लहानपण दीड वर्षानं कमी मिळालं आणि ते मी कमी केलं, एवढं मला माहीत आहे. बुधीबाई, तुमच्यासमोर, सगळ्यांसमोर सांगते, मी चुकले.

तो गेल्यावर मी ती तारीख शोधली. त्याच्याबरोबर शोधायची होती, ते राहिलं. पाड्याच्या हापशीवर गेले, कट्ट्यावरचं शेवाळ नारळाच्या काथ्यानं घासलं. खाली सिमेंट ओलं असताना कुणीतरी काडीनं लिहिलेलं साल निघालं, दोन हजार तीन. मग डहाणूला एका ओळखीच्यांकडे जुनं कॅलेंडर सापडलं. वाघबारस म्हणजे कॅलेंडरातली वसुबारस, तिच्यानंतरचा शुक्रवार, चोवीस ऑक्टोबर. बुधीबाईंच्या तोंडी एकवीस वर्षं बिनचूक असलेली तारीख शोधायला मला, डी.एड. झालेल्या बाईला, दोन महिने लागले. निलमताईंनी वर विचारून घेतलं आहे. सरकारी कागद आहे तसाच राहील, घरच्यांना त्रास नको. पण गावाच्या दगडावर काय लिहायचं ते गाव ठरवेल. गावानं काय ठरवलं ते तुम्ही आता बघालच.

दगडाचं ठरलं. बुधीबाई मात्र माझ्याशी बोलत नव्हत्या. नोव्हेंबर ते मे. मी घरी जायचे, त्या पाण्याचा तांब्या पुढं ठेवायच्या, बसायला गोणपाट द्यायच्या, रीत कधी चुकली नाही. शब्द मात्र नाही. काकड्यादादा बोलायचे, रविना बोलायची. बुधीबाई भात पाखडत राहायच्या. मी म्हणायचे, येते. त्या मान हलवायच्या. निवृत्तीचा दिवस जवळ यायला लागला तशी मला झोप लागेना. सत्काराची शाल नको, श्रीफळ नको, या बाईनं एकदा मला "तू" म्हणावं एवढंच हवं होतं. रागानं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

आता सांगायची ती शेवटची गोष्ट. आज सकाळची आहे. तुम्ही सगळे मांडव घालत होतात आणि मी ऑफिसात कपाटाच्या किल्ल्या मोजून देत होते. दारात सावली पडली. बघते तर बुधीबाई. एका हाताला रविनाची मुलगी दक्षा, न्हाऊमाखू घातलेली, केसांना तेल. मागं रविना, पिशवी घेऊन.

बुधीबाई म्हणाल्या, "बाई, हिचं नाव घाल शाळेत. तुझ्याच हातानं घाल."

मी रजिस्टर उघडलं, पेन हातात घेतलं. रविना पिशवीतून जन्माचा दाखला काढायला लागली. हल्ली बाळंतपण दवाखान्यात होतं, दाखला मिळतो, आता आम्हाला तारखा बनवाव्या लागत नाहीत. बुधीबाईंनी तिला हातानं थांबवलं. "कागद मागून दाव. आधी मी सांगते, बाई लिवल." आणि मला म्हणाल्या, "शिमग्याच्या दोन दिस आधी. बाजार होता उधव्याला, रविनाच्या पोटात बाजारातच दुखायला लागलं. त्याच साली सुक्या भरती झाला." मग रविनानं दाखला ठेवला. बरोबर, एका दिवसाचाही फरक नाही.

मी लिहायला गेले आणि वय मोजून बघितलं. दक्षा यंदा पहिलीच्या वयात बसत नाही. डिसेंबरअखेर सहा पूर्ण लागतात, दोन-सव्वादोन महिने कमी पडतात. पोरगी समोर उभी, माझ्याकडं टकामका बघतेय. आजचा माझा शेवटचा दिवस. सहा महिन्यांनी ही बाई माझ्याशी बोलली आणि पहिल्याच मागण्याला मी नाही म्हणायचं? हातात पेन होतं हो माझ्या. दोन महिन्यांची तर गोष्ट होती.

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "बुधीबाई, हिला यंदा नाही घेता येणार. पुढच्या वर्षी. एक वर्ष अंगणवाडीत थांबावं लागेल."

बुधीबाईंनी दक्षाला उचललं, कमरेवर घेतलं. माझ्याकडं बघितलं. आणि म्हणाल्या, "मंग थांबल की, बाई. आपल्याला कसली घाई?"

असो. मी आवरतं घेते. नविन सर, निलमताई, दिपकभाऊ, मांडव घालणारी मुलं, जेवणासाठी सकाळपासून चुलीपुढं बसलेल्या बाया, तुम्ही आज मला जे दिलं त्याचे मनापासून आभार मानते. भाषण लांबलं, कुठं शब्द चुकला, कुणाचं नाव राहिलं, तर एका निवृत्त बाईचं समजून पोटात घाला. बाकीच्या चुकांची माफी मागायला मी इथं उभी राहिले होते. पण ती मला सकाळीच मिळाली, आणि मिळाल्यावरही ती चूक माझीच राहते.

आता कुणी टाळ्या वाजवू नका. बुधीबाई, उठा. काकड्यादादांना हात द्या. दगडावरचं कापड तुम्ही दोघांनी काढायचं. आणि रविना, तू आईशेजारी उभी राहा आणि त्यावर काय लिहिलंय ते तिला मोठ्यानं वाचून दाखव. सुक्या ऊर्फ विनोद, इथून वाच.

सगळ्यांना जोहार.